अंतराळयुद्धाचे व्हिडिओ खेळ

अंतराळयुद्धाचे व्हिडिओ खेळ : दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर एखादे काल्पनिक विमान वा अंतराळयान चालवून समोरून येणाऱ्या शत्रुयानांवर नेम धरावयाचा, अशा स्वरूपाच्या इलेक्ट्रॉनीय खेळांना ही संज्ञा लावतात. यांतील कथानक बहुधा भविष्यकाळातील असते. खेळाडूचे यान एकटे, शत्रू असंख्य आणि शेवट पराभवात ठरलेला. किती वेळ तग धरला व किती गुण मिळविले एवढाच प्रश्न उरतो. १९७७ ते १९८६ या काळातील घरगुती खेळसंचांवर हा प्रकार विशेष भरभराटीस आला. यंत्राची शक्ती अत्यल्प आणि कल्पनेची झेप मोठी, या विसंगतीतून त्याचे रूप घडले असल्यामुळे तांत्रिक बाजू समजल्याखेरीज या खेळांचे मर्म कळत नाही.

या प्रकाराचा उगम प्रयोगशाळेत आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत (एमआयटी) स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली पीडीपी–१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. मध्यभागी एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण आणि त्याभोवती एकमेकांवर मारा करणारी दोन याने, असे त्याचे स्वरूप होते. तो संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यातील नसल्याने खेळ विद्यापीठांपुरताच राहिला. १९७२ मध्ये राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेला मॅग्नव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती खेळसंच बाजारात आला. परंतु त्यात सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ आला आणि परिस्थिती पालटली. पाच ओळींत मांडलेले पंचावन्न परग्रहवासी सरकत सरकत खाली येतात आणि जितके मारले जातील तितके उरलेले अधिक वेगाने चालू लागतात. हा वाढता वेग मुळात योजलेला नव्हता. चित्रांची संख्या घटली की प्रक्रियकाचे काम हलके होई व चाल आपोआप जलद होई. यंत्राची ही मर्यादा निशिकादो यांनी तशीच राहू दिली आणि खेळातील सारा थरार तिच्यातूनच आला. पुढील काळातील अनेक खेळांची कथा अशीच आहे.

अटारी कंपनीचा ‘व्हिडिओ काँप्युटर सिस्टिम’ हा संच सप्टेंबर १९७७ मध्ये बाजारात आला. १९८२ पासून तो ‘अटारी २६००’ या नावाने ओळखला जाऊ लागला. खेळाची आज्ञावली संचातच कायमची न बसविता ती निराळ्या डबीत (कार्ट्रिजमध्ये) ठेवावयाची, ही कल्पना फेअरचाइल्ड कंपनीच्या संचात १९७६ मध्येच आली होती. अटारीने ती घरोघर पोहोचविली. या संचातील सूक्ष्मप्रक्रियक सेकंदास सु. १२ लक्ष स्पंदांच्या गतीने चाले. त्याची कार्यकारी स्मृती केवळ १२८ बाइट एवढी होती. म्हणजे मराठीतील एखादे मध्यम लांबीचे वाक्य आजच्या पद्धतीने साठवावयाचे झाले, तरी ती स्मृती अपुरी पडेल. आज्ञावलीसाठी डबीत ४ किलोबाइट जागा मिळे.

एवढ्या स्मृतीत संपूर्ण चित्र साठविणे अशक्य होते. म्हणून चित्र साठवावयाचेच नाही, तर पडद्यावर ते उमटत असतानाच घडवावयाचे, असा मार्ग काढण्यात आला. त्या काळातील दूरचित्रवाणी संचाच्या ऋण किरण नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका डावीकडून उजवीकडे एकेक रेषा आखीत वरून खाली येते व हे काम सेकंदास साठ वेळा होते [⟶ दूरचित्रवाणी]. अटारीचा प्रक्रियक या शलाकेच्या बरोबरीने धावे. एक रेषा आखून होईपर्यंत त्यास ७६ स्पंदांचा अवधी मिळे. तेवढ्यात फार तर वीस-पंचवीस आज्ञा पार पाडता येत. त्या रेषेवर यान कोठे आहे, गोळी कोठे आहे, रंग कोणता, हे सर्व त्या अवधीत ठरवावे लागे. यंत्रातील चित्रमंडल दोन खेळाडूंच्या आकृती, दोन गोळ्या, एक चेंडू आणि पार्श्वभूमीची निम्मी रेषा एवढेच जाणत असे. उरलेली निम्मी रेषा पहिल्या निम्म्या भागाची पुनरावृत्ती किंवा आरशातील प्रतिमा असे. गुण मोजणे, टक्कर झाली की नाही ते पाहणे, शत्रूची पुढची चाल ठरविणे ही कामे शलाका तळाशी पोहोचून पुन्हा वर जाईपर्यंतच्या रिकाम्या वेळात उरकावी लागत. कीर्तनकाराने आख्यान चालू असताना टाळही सांभाळावा आणि मध्येच पेटीवाल्यास खूणही करावी, तशातला हा प्रकार होता.

या मर्यादांचे सोने करणारे दोन खेळ विशेष उल्लेखनीय होत. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांचा ‘यार्स रिव्हेंज’ (१९८२) हा त्यांपैकी पहिला. ‘स्टार कॅसल’ हा नाण्यावरील खेळ अटारीच्या संचावर उतरविण्याचे काम वॉर्शॉ यांच्याकडे आले होते. परंतु हा संच त्याला न्याय देऊ शकणार नाही, असे दिसल्यावर त्यांनी त्याच्या मूळ तत्त्वांवर नवाच खेळ रचला. यात खेळाडू म्हणजे ‘यार’ नावाचा, अंतराळात उडणारा माशीसारखा कीटक असतो. उजव्या कडेला कवचाआड दडलेल्या शत्रूचे कवच कुरतडून वा गोळ्यांनी फोडून तो शेवटी तोफ डागतो. पडद्याच्या मध्यभागी रंगीबेरंगी चमचमणारा एक उभा पट्टा असतो. त्यात शिरल्यास शत्रूच्या पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्रापासून अभय मिळते. पण तेथून यारला स्वतःलाही गोळी झाडता येत नाही. हा पट्टा रेखाटण्यासाठी वॉर्शॉ यांनी एकही नवे चित्र खर्ची घातले नाही. खेळाची आज्ञावलीच त्यांनी चित्र म्हणून पडद्यावर सोडली. खेळाडू ज्या रंगांच्या वर्षावात आसरा घेतो, तो प्रत्यक्षात त्या खेळाचा स्वतःचाच मजकूर असतो.

दुसरा खेळ ॲक्टिव्हिजन कंपनीचा ‘रिव्हर रेड’ (१९८२). त्याची कर्त्री कॅरोल शॉ (जन्म १९५५) ही या व्यवसायातील आरंभीच्या स्त्री-रचनाकारांपैकी एक होय. या खेळात अंतराळ नसून नदी आहे आणि यानाऐवजी जेट विमान. तथापि वरून खाली सरकणारे दृश्य व त्यातून वाट काढणारे एकाकी यान या रचनेचा पुढील अंतराळखेळांशी जवळचा संबंध असल्याने त्याचा विचार येथेच करणे योग्य ठरते. नदी अरुंद होते, रुंदावते, बेटांभोवती दुभंगते आणि दीर्घ काळ संपत नाही. ४ किलोबाइटमध्ये एवढी नदी मावणे शक्य नाही. शॉ यांनी नदी साठविलीच नाही. तिची निर्मिती करणारे गणित साठविले. सोळा द्विमान अंकांची एक संख्या घ्यावयाची, तिचे अंक एक घर सरकवावयाचे, रिकाम्या झालेल्या जागी काही ठरावीक अंकांच्या तुलनेतून मिळालेला अंक भरावयाचा आणि येणाऱ्या संख्येवरून काठाचे पुढचे वळण ठरवावयाचे, अशी ही युक्ती आहे. संख्या यदृच्छ भासतात, पण आरंभीची संख्या तीच असल्याने प्रत्येक डावात, प्रत्येक घरात नदी तीच वाहते. त्यामुळे खेळाडूंना तिची वळणे पाठ करता आली. नदीचे दोन्ही काठ एकमेकांसारखे का असतात, याचे उत्तर पार्श्वभूमीच्या अर्ध्या रेषेत आहे, हे वरील विवेचनावरून लक्षात येईल. इंधनाची योजनाही मार्मिक आहे : इंधनसाठ्यावरून उडत गेल्यास टाकी भरते, तोच साठा उडविल्यास ८० गुण मिळतात. लोभ आणि गरज यांतील निवड खेळाडूला क्षणार्धात करावी लागते.

या खेळाला एक अनपेक्षित प्रसिद्धी लाभली. १९८४ साली पश्चिम जर्मनीतील, अल्पवयीनांना घातक अशा साहित्याची छाननी करणाऱ्या शासकीय यंत्रणेने लष्करी वृत्तीचे पोषण होत असल्याच्या कारणावरून तो आपल्या सूचीत घातला आणि मुलांना त्याची विक्री करण्यास बंदी झाली. ही नोंद २००२ मध्ये काढून टाकण्यात आली. चौकोनी ठोकळ्यांनी बनलेल्या पुलावर ठिपका झाडण्याने मूल लढाऊ बनते, हे मत आज अतिरंजित वाटते. पण मुले खेळांत किती तल्लीन होतात याविषयीची पालकांची चिंता खोटी नव्हती व ती अद्यापि संपलेली नाही.

या रचनाकारांची नावे मिळतात, यालाही एक इतिहास आहे. अटारी कंपनी खेळाच्या डबीवर कर्त्याचे नाव छापीत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी आपल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त दालन ठेवून त्यात स्वतःचे नाव लिहिले. वॉर्शॉ यांनी ‘यार्स रिव्हेंज’मध्ये आपली आद्याक्षरे दडविली. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड हे चौघे तर अटारी सोडून बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनी स्थापन केली. दुसऱ्याच्या संचासाठी केवळ खेळ तयार करणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. ग्रंथावर लेखकाचे नाव असावे तसे तिने खेळावर रचनाकाराचे नाव छापले. अटारीने तिच्यावर दावा लावला. तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला. मात्र त्यामुळे इतर कंपन्यांनाही वाट मोकळी झाली, सुमार खेळांचा बाजारात पूर आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील हा धंदा कोसळला. अटारीने न खपलेला माल त्याच वर्षी न्यू मेक्सिको राज्यातील ॲलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला. २०१४ साली तो उकरून काढण्यात आला.

यानंतर पुढाकार जपानकडे गेला. निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ हा संच १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्यात पार्श्वभूमीसाठी स्वतंत्र स्मृती आणि दृश्य गुळगुळीतपणे सरकविण्याची सोय होती. नामको कंपनीचा, मासानोबू एंडो यांनी रचलेला ‘झेव्हियस’ हा खेळ १९८४ मध्ये या संचावर आला. हवेतील शत्रूंसाठी एक व जमिनीवरील लक्ष्यांसाठी दुसरे अशी दोन शस्त्रे त्यात आहेत आणि खाली सरकणाऱ्या भूमीवर पेरू देशातील नाझ्का येथील रेखाकृतींसारखा प्रचंड पक्षी दिसतो. कोनामी कंपनीच्या ‘ग्रेडियस’मध्ये (१९८५, फॅमिकॉमवर १९८६) मिळविलेली शक्ती लगेच वापरावी की अधिक चांगल्या शस्त्रासाठी राखून ठेवावी, हे खेळाडूच ठरवितो. फॅमिकॉमलाही मर्यादा होतीच : एका रेषेवर आठांहून अधिक चलचित्रे त्याला दाखविता येत नसत, म्हणून गर्दी झाली की याने लुकलुकू लागत.

भारतात हे खेळ उशिरा आणि आडवाटेने आले. अमेरिकेत १९८२ मध्ये ते ऐन भरात असताना भारतीय दूरदर्शन नुकते रंगीत होत होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता आणि मराठवाड्यातील बहुतेक खेड्यांत दूरचित्रवाणी संच ही वस्तूच अपरिचित होती. आयातीवरील निर्बंध आणि किंमत यांमुळे मूळ परदेशी संच मोजक्या शहरी घरांपुरते राहिले. शिवाय प्रक्षेपणपद्धतीचा अडसर होता : भारतीय संच पाल पद्धतीचे, सेकंदास पन्नास वेळा पडदा आखणारे, अमेरिकी व जपानी संचांसाठी बनलेले चित्र त्यांवर नीट स्थिर होत नसे. १९९० नंतरच्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्राचा ‘समुराई’ हा भारतीय अवतार आणि तैवानमधील संकलित मंडलांवर आधारलेल्या स्वस्त नकला बाजारात आल्या. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, तोवर ‘टीव्ही गेम’ हा शब्द मराठीत रुळला होता. डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. शेकडो, कधी हजारो खेळांची ग्वाही देणाऱ्या कॅसेटीत प्रत्यक्षात थोडेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा आलेले असत. ‘गॅलॅक्सियन’सारखा अंतराळखेळ त्यांत हटकून सापडे. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या टोकांवर फुंकर मारण्याची रीत होती. खेळ सुरू होई तो फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने संपर्क नीट जुळे म्हणून. उलट फुंकरीतील ओलाव्याने धातू गंजण्याचाच संभव अधिक. पाल पद्धतीमुळे आणखी एक गंमत घडे. खेळाची गती पडद्याच्या आखणीशी बांधलेली असल्याने भारतीय मुलास शत्रूची गोळी चुकविण्यासाठी जपानी मुलापेक्षा सु. एक पंचमांश अधिक वेळ मिळे.

या खेळांच्या जतनाचे प्रश्न ग्रंथांपेक्षा निराळे आहेत. आज्ञावलीची नक्कल करून ती आधुनिक संगणकावर चालविता येते. परंतु ज्या शलाकेशी स्पर्धा करण्यासाठी ती लिहिली गेली, ती शलाका सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणी संचांत नाही. फॉस्फराची धूसर झाक गृहीत धरून रेखाटलेली याने त्यांवर फार धारदार व कोरडी दिसतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१३ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व ‘यार्स रिव्हेंज’ आपल्या संग्रहात घेतले. कॅरोल शॉ यांनी २०१७ मध्ये आपले खेळविषयक साहित्य रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य) येथील स्ट्राँग संग्रहालयाला दिले. भारतात विकल्या गेलेल्या नकली संचांची मात्र पद्धतशीर नोंद नाही. त्यांवर ना रचनाकाराचे नाव असे, ना बनविल्याचे वर्ष.