फोटोखालची ओळ

युद्धाचा जुना फोटो खरा की बनाव, हा वाद फोटोग्राफीइतकाच जुना आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत अभ्यासकांनी असे बरेच फोटो पुन्हा तपासले. तो सगळा खटाटोप पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की फोटोपेक्षा त्याच्या खाली लिहिलेली ओळच जास्त वेळा खोटी निघते.

लखनौच्या सिकंदरबागेचा फेलिचे बेआतोनं काढलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. पडकी वास्तू, तिच्यापुढे काही माणसं, एक घोडा आणि अंगणभर हाडं. '१८५७'च्या मजकुराशेजारी तो छापला की लढाई नुकतीच संपली असावी असं वाटतं. पण लढाई झाली १६ नोव्हेंबर १८५७ला आणि बेआतो कलकत्त्यात उतरला फेब्रुवारी १८५८मध्ये. तो लखनौला पोचेपर्यंत चार महिने उलटून गेले होते. हाडं फोटोसाठी मुद्दाम उघड्यावर पसरली, असं बहुतेक जाणकार मानतात. कत्तल खरी, जागा खरी, क्षण मात्र रचलेला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरनं तर प्रेतच हलवलं. जुलै १८६३, गेटिसबर्ग. दगडांच्या आडोशाला पडलेला दक्षिणेचा नेमबाज, शेजारी उभी बंदूक. हाच देह जरा दूर, दुसऱ्याच जागी पडलेला, गार्डनरच्या इतर फोटोंत दिसतो, हे लक्षात यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. इतिहासकार विल्यम फ्रासानितोनं रणभूमीवर जाऊन एकेक दगड जुळवला आणि १९७५मध्ये पुस्तकात सगळं मांडलं. ती बंदूकही नेमबाजाची नव्हती. आणखी एका ठिकाणी तेच मृतदेह दोन बाजूंनी टिपून एकदा उत्तरेचे, एकदा दक्षिणेचे म्हणून छापल्याचं त्यानं दाखवलं. तिथे प्रेतांना हात लावायचीही गरज पडली नव्हती.

मला सगळ्यात आवडतो तो ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटनचा खटला. २३ एप्रिल १८५५, क्रिमियन युद्ध, सेवास्तोपोलजवळची एक घळ. कॅमेरा एकाच जागी ठेवून काढलेले दोन फोटो : एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात, दुसऱ्यात रस्त्यावरही. लेखिका सुसान सॉन्टॅगनं २००३मध्ये लिहून टाकलं, की गोळे फेंटननंच रस्त्यावर टाकवून घेतले. एरॉल मॉरिस या माहितीपटकारानं विचारलं, कशावरून? आधीचा फोटो कोणता हेच कुठे ठरलंय? तो थेट क्रिमियात गेला, तोफगोळा घेऊन सावल्या मोजल्या. सावल्यांवरून तज्ज्ञांत एकमत होईना. शेवटी डेनिस पर्सेल या प्रकाशशास्त्राच्या जाणकारानं उतारावरच्या किरकोळ दगडांकडे पाहिलं. रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत ते थोडे खाली सरकलेले होते. माणसांच्या पायांनी दगड उतारावरून खाली घरंगळतात, वर चढत नाहीत. म्हणजे मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा. सॉन्टॅगचा क्रम बरोबर निघाला. गोळे कुणी टाकले आणि का, हे मात्र दगड सांगत नाहीत, आणि मॉरिसचा आक्षेप तिथे अजून उभा आहे.

स्पेनच्या यादवी युद्धात रॉबर्ट कापानं १९३६मध्ये काढलेल्या कोसळत्या सैनिकाच्या फोटोचं प्रकरण मागच्या डोंगरांनी उलटवलं. जागा सेर्रो मुरियानो सांगितली जायची. २००९मध्ये होसे मान्युएल सुस्पेरेगी या स्पॅनिश अभ्यासकानं डोंगररांग जुळवून दाखवली ती एस्पेखोची, सुमारे पन्नास किलोमीटर दूरची. फोटो काढला त्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत तिथे लढाई नव्हतीच, म्हणून फोटोही संशयात सापडला. कापाचे कैवारी अजून हार मानत नाहीत, ते सोडा.

हे सगळं दूरचं म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुट अल अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत फौजी पणजोबांचा फोटो भिंतीवर आहे आणि त्याखाली कुणीतरी नंतर सांगोवांगी वर्ष घातलेलं असतं. खांद्यावरच्या बिल्ल्यावर १०३, ११० किंवा ११७ हा पलटणीचा आकडा दिसला तर फोटो साधारण १९२२च्या आधीचा समजावा, कारण त्या वर्षी पलटणींचे क्रमांक बदलले. छातीवर बर्मा स्टारची फीत असेल तर तो १९४५च्या आधीचा असूच शकत नाही. असा फोटो घरी असेल तर नव्या चौकटीसाठी त्याच्या कडा कापू नका. मागचा स्टुडिओचा शिक्का झाकू नका. आणि जे नक्की ठाऊक आहे तेवढंच, मऊ पेन्सिलीनं, मागे लिहून ठेवा.