शब्दाचा अर्थ ठरतो कधी?

‘माळ’ म्हणजे गळ्यात घालायची माळ, नाहीतर गावाबाहेरचा उघडा माळ. ‘पान’ म्हणजे झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे किंवा पंगतीत मांडलेले पान. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे अर्थ क्रमांक देऊन छापलेले असतात, म्हणून दोन्हीकडे एकच गोष्ट घडते असे वाटते. पण हे संदिग्धतेचे दोन निराळे प्रकार आहेत. ‘माळ’ या उच्चारामागे एकमेकांशी नाते नसलेले दोन शब्द आहेत. बोलणाऱ्याच्या मनात त्यातला एकच असतो आणि ऐकणाऱ्याला तो ओळखायचा असतो. ‘पान’चे अर्थ मात्र एकमेकांतून फुटलेले आहेत. ‘पुस्तक’ या शब्दाचेही तसेच. ‘पुस्तक जाड आहे, पण पटणारे आहे’ असे आपण सहज म्हणतो. यात जाडी कागदांची आणि पटतो तो मजकूर, तरी वाक्य कुठे अडखळत नाही. भाषेचे कोणतेही गणित मांडायचे तर त्यात हा फरक टिकला पाहिजे. पुंजभौतिकीसाठी घडलेल्या गणितात तो टिकतो, नेहमीच्या संभाव्यताशास्त्रात पुसला जातो. म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी हे गणित हाताशी घ्यावे असे मला वाटते.

हा फरक केवळ व्याकरणातला नाही, तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मोजता येतो. लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांच्या नजरेच्या हालचाली टिपल्या. अर्थ ठरवणारा मजकूर शब्दाच्या नंतर आला, तर ‘माळ’सारख्या भिन्नार्थी शब्दांवर वाचक चुकीचा अर्थ धरून बसत आणि पुढे त्यांना थांबून मागे यावे लागे. ‘वर्तमानपत्र’ या शब्दाचा अर्थ कागद की तो काढणारी संस्था, अशा संबंधित छटांच्या बाबतीत मात्र ही अडचण येत नसे. वाचक घाईने निवड करतच नव्हते. त्याआधी, १९७९ मध्ये, डेव्हिड स्विनी यांनी ‘बग्ज’ या इंग्रजी शब्दावर प्रयोग केला होता. त्याचा अर्थ किडे, तसाच चोरून ऐकण्याची छुपी यंत्रेही. कानावर पडणाऱ्या वाक्यात कोळी आणि झुरळे यांचा उल्लेख असल्याने अर्थ उघड होता. तरीही शब्द ऐकल्या क्षणी पडद्यावर दाखवलेले ‘मुंगी’ आणि ‘हेर’ हे दोन्ही शब्द लोक झटकन ओळखत. तीन अक्षरे पुढे गेल्यावर ‘मुंगी’चाच फायदा उरे, ‘हेर’ विझून गेलेला असे.

नेहमीच्या संभाव्यताशास्त्रात अनिश्चिततेचा एकच प्रकार आहे. नाणे जमिनीवर पडले आहे, त्यावर हात आहे. छापा की काटा हे ठरलेले आहे, फक्त आपल्याला ठाऊक नाही. पुंजगणितात हा प्रकार आहेच, त्याला मिश्र अवस्था म्हणतात. शिवाय दुसराही आहे. त्यात वस्तूची अवस्था म्हणजे एक सदिश, अनेक शक्यतांच्या मधली एक दिशा. आपण काय विचारतो त्यावर त्यातली कोणती शक्यता प्रकट होईल हे अवलंबून असते, आणि विचारण्यापूर्वी उत्तर ठरलेले नसते. हे अध्यारोपण. या दोहोंतला फरक शाळेतल्या सूत्रात दिसतो. अ आणि ब हे दोन शक्यतांच्या दिशेने पडणारे सदिशाचे घटक धरले, तर मिश्र अवस्थेत त्यांचे आधी वर्ग करायचे आणि मग बेरीज: अ² + ब². अध्यारोपणात आधी बेरीज आणि मग वर्ग: अ² + २अब + ब². मधले २अब हे पद धन असू शकते किंवा ऋण, आणि त्यामुळे एकूण शक्यता अपेक्षेपेक्षा वाढते किंवा घटते. भौतिकीत याला व्यतिकरण म्हणतात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या डेन्सिटी मॅट्रिक्समध्ये दोन्ही प्रकार एकाच चौकटीत बसतात. २०१५ मध्ये रॉबिन पिडेल्यू, दिमित्री कार्टसाक्लिस, बॉब कुका आणि मेहरनूश सद्रजादे यांनी ही चौकट शब्दांना लावली: भिन्नार्थी शब्द म्हणजे मिश्रण, आणि एकमेकांत गुंतलेल्या छटांचा शब्द म्हणजे अध्यारोपण, म्हणजेच शुद्ध अवस्था. यातून शब्दाच्या संदिग्धतेला एक संख्या देता येते, ती म्हणजे त्या मॅट्रिक्सची एंट्रॉपी. शब्दाला विशेषण किंवा संबंधी वाक्य जोडले की ती घटायला हवी. ‘माळ’पेक्षा ‘मोत्यांची माळ’ कमी संदिग्ध, हे आपल्याला कळतेच. इथे ते मोजता येते.

२अब हे पद भाषेत खरोखर दिसते का? डॅनियल ओशर्सन आणि एडवर्ड स्मिथ यांनी १९८१ मध्ये गप्पी माशाचे उदाहरण दिले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत आणि विहिरींत सोडतात तोच हा मासा. पाळीव प्राण्याचा नमुना म्हणून गप्पी कुणाला आठवत नाही, माशाचा नमुना म्हणूनही नाही. पण ‘पाळीव मासा’ म्हटले की तोच पुढे येतो. दोन संकल्पनांच्या छेदात एखादी गोष्ट दोन्हींपेक्षा अधिक ठळक व्हावी, हे संचांच्या साध्या नियमांत बसत नाही. जेम्स हॅम्प्टन यांनी १९८८ मध्ये अशा जोडसंकल्पनांची पद्धतशीर मोजमापे केली आणि पुढे ब्रुसेल्सच्या डिडरिक आर्ट्स यांनी ती व्यतिकरणाच्या पदाने मांडून दाखवली. तरी यावर माझी फार भिस्त नाही. माहिती आधी हातात असेल तर एक जादा पद घालून ती जुळवणे कठीण नसते.

अधिक वजनदार पुरावा जनमत चाचण्यांतून आला. सप्टेंबर १९९७ मध्ये गॅलपने अमेरिकी लोकांना विचारले की बिल क्लिंटन आणि अल गोर प्रामाणिक व विश्वासार्ह आहेत का. क्लिंटनचा प्रश्न आधी आला तेव्हा त्यांना ५० टक्के होकार मिळाला, गोरनंतर आला तेव्हा ५७. गोर आधी आले तेव्हा त्यांना ६८, नंतर आले तेव्हा ६०. आधीच्या प्रश्नाने ‘प्रामाणिक’ या शब्दाला संदर्भ दिला आणि त्या संदर्भात पुढचे उत्तर घडले. क्रमाने उत्तर बदलते हे सर्वेक्षण करणाऱ्यांना जुनेच ठाऊक आहे. झेंग वांग आणि जेरोम ब्यूसमायर यांनी पुंजगणितातून एक काटेकोर अट काढली, ती नवी होती: दोन्ही प्रश्नांना ‘हो’ किंवा दोन्हींना ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे एकत्रित प्रमाण क्रम उलटला तरी तेच राहिले पाहिजे. या अटीत मागाहून जुळवायला एकही मोकळा आकडा नाही. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने प्रत्येकी सुमारे ६५० ते ३,००० लोकांच्या ७० राष्ट्रीय पाहण्या तपासल्या आणि अट उल्लेखनीयरीत्या टिकली. बेसबॉल खेळाडूंविषयीच्या एका पाहणीत प्रश्नांबरोबर जादा माहिती पुरवली होती, तिथे ती मोडली. अशा ठिकाणी ती लागू नाही हेही सिद्धान्तातूनच निघते. खोटे पडण्याची तयारी असलेले असे भाकीत मला दहा मागाहून जुळवलेल्या आलेखांपेक्षा मोलाचे वाटते.

मग आपला मेंदू पुंज-यंत्र आहे का? नाही, आणि या मांडणीला त्याची गरजही नाही. मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशोब केला की मेंदूच्या ऊबदार, ओलसर वातावरणात चेतापेशींशी निगडित पुंजावस्था १०⁻¹³ सेकंदाच्या आत विरून जातील. विचाराला लागणारा वेळ त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. गणित मात्र एका विषयाच्या मालकीचे नसते. डॉमिनिक विडोज यांनी २००३ मध्ये शोधयंत्रासाठी ‘नको’ या शब्दाचा अर्थ काटकोनातली दिशा असा घेतला आणि नको असलेल्या अर्थाची कागदपत्रे गाळून दाखवली. तेच तर्कशास्त्र गॅरेट बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांनी १९३६ मध्ये भौतिकीसाठी मांडले होते.

आजचे चॅटबॉट हे सगळे या गणिताशिवाय करतात, हा आक्षेप जास्त रास्त आहे. पण त्यांच्या पोटातही शब्द म्हणजे सदिशच असतात. संजीव अरोरा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की अनेकार्थी शब्दाचा सदिश हा जवळपास त्याच्या वेगवेगळ्या अर्थांच्या सदिशांची बेरीज असतो आणि ते अर्थ त्यातून पुन्हा वेगळे काढता येतात. यंत्राला काम जमणे आणि ते का जमते हे आपल्याला कळणे, या दोन गोष्टी आहेत. कुका, सद्रजादे आणि स्टीफन क्लार्क यांनी २०१० मध्ये योआखिम लॅम्बेक यांच्या व्याकरणाला सदिशांची जोड दिली, ती या दुसऱ्या गोष्टीसाठी. त्यात क्रियापद हे कर्ता आणि कर्म घेऊन वाक्य देणारे बहुमितीय कोष्टक असते. नामाला आणि वाक्याला प्रत्येकी १०० मिती दिल्या, तर एका सकर्मक क्रियापदाला १० लाख संख्या लागतात. हा भार पुंजसंगणक उचलतील अशी आशा धरली जाते. मात्र आयबीएमच्या पुंजसंगणकावर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात स्वयंपाक आणि संगणक या विषयांवरची एकूण १३० छोटी वाक्ये होती. हे काम प्राथमिक आहे, आणि त्याच्या जाहिराती वाचताना तो आकडा लक्षात ठेवावा.

खरी अडचण वेगळीच आहे. आंद्रेई ख्रेनिकोव्ह, एहतिबार झाफारोव्ह आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये ती दाखवली, आणि ब्यूसमायर स्वतः त्या लेखकांत होते. क्रमाने उत्तर बदलत असेल, तर पहिला प्रश्न, मग दुसरा, मग पुन्हा पहिला असे विचारल्यावर पहिल्याचे उत्तरही काही वेळा बदलायला हवे. माणसे मात्र बहुधा आधीचेच उत्तर देतात. पुंजगणिताच्या नेहमीच्या साच्यात क्रमाचा परिणाम आणि हा स्थिरपणा एकत्र नांदत नाहीत. २०१८ मध्ये डेव्हिड केलन आणि सहकाऱ्यांनी वांग-ब्यूसमायर अट साध्या संभाव्यतेच्या काही प्रतिमानांतूनही निघते असे दाखवले. त्यामुळे ‘मन पुंजनियमांनीच चालते’ हा दावा टिकत नाही. मिश्रण आणि अध्यारोपण यांतला भेद भाषेला उपयोगी आहे, हा दावा टिकतो.

मराठी वाचकाला यातली आणखी एक उणीव दिसेल. शाळेत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती शिकतो. ‘सूर्य मावळला’ हे एकच वाक्य गुराख्याला, चोराला आणि प्रेयसीला निराळे सांगते, हे संस्कृत साहित्यशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण. ऐकणाऱ्यानुसार अर्थ प्रकट होतो, इथवर ते या गणिताशी जुळते. प्राचीनांना हे गणित ठाऊक होते असे मात्र त्यावरून म्हणू नये. प्रश्न जुना आहे, एवढेच. पुंजगणितात मापन झाले की बाकीच्या शक्यता संपतात. व्यंजनेत सूर्य खरोखर मावळलेलाच असतो, वाच्यार्थ जागेवर राहतो आणि त्याच्या आधाराने सूचितार्थ उभा राहतो.

मिश्रण आणि अध्यारोपण यांतला भेद तपासायला मराठी विशेष सोयीची आहे, कारण आपल्याकडे पुष्कळदा निर्णय वाक्याच्या शेवटी होतो. ‘उमेदवाराने शांतपणे हार’ इथपर्यंत फुलांचा हार आणि पराभव दोन्ही शक्य असतात. ‘स्वीकारला’ की ‘स्वीकारली’ यातला शेवटचा स्वर निवाडा करतो. अशी वाक्ये वाचताना डोळे कुठे थांबतात ते मोजावे, दर शब्दागणिक एंट्रॉपी काढावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. अर्थांची जंत्री आयआयटी मुंबईच्या मराठी वर्डनेटमध्ये आहे. एकमेकांत गुंतलेल्या छटांचे शब्द आणि ‘हार’सारखे भिन्नार्थी शब्द या प्रयोगात वेगळे वागले, तर भेद खरा; सारखेच वागले, तर ही सगळी मांडणी नव्याने करावी लागेल.