चूल आणि धातू (लेखांक ६) : लोहाराचा सुरा

गेल्या आठवड्यात बिडाच्या तव्याची बाजू मांडली, तेव्हा पात्यांचा विषय बाजूला ठेवला होता. सातारा-सांगलीकडे गावजत्रेला बोकड पडतो, एरवीही मटण घरी आणून निवडायची, चरबी वेगळी करायची सवय अनेक घरांत आहे. हातात मात्र बहुधा पातळ स्टेनलेसची सुरी असते. माझे मत असे, की मांसासाठी घरात लोहाराकडचा साध्या पोलादाचा सुरा असावा. तो पहिल्या दिवशी जास्त कापतो म्हणून नव्हे. पहिल्या दिवशी सगळ्याच सुऱ्या कापतात. फरक पडतो तो धार गेल्यावर.

धार धरून ठेवतो तो कार्बन. अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असलेले पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लाल करून एकदम थंड केले, की पाते कडक होते. लोहार याला पाणी देणे म्हणतात. कडक पाते ठिसूळही असते, म्हणून त्याला पुन्हा दोनशे-अडीचशे अंशांची ऊब द्यावी लागते. गावचा लोहार किंवा पालावरचा घिसाडी ट्रकच्या कमानपाट्यातून कोयते आणि सुरे घडवतो, ती नुसती काटकसर नव्हे. त्या पाट्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कार्बन आधीच असतो. आता स्टेनलेस घ्या. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम घातले आणि गंज आटोक्यात आला. पण स्वस्त सुरीत कार्बन इतका कमी असतो की धार लगेच दुमडते. महागड्या सुरीत तो वाढवला, तर क्रोमियमची कठीण कार्बाइडे तयार होतात आणि घरचा साधा दगड त्यांना पुरा पडत नाही. साध्या पोलादाला ही अडचण नाही. दगडावर चार हात फिरवले की धार परत येते, आणि पाते फारच झिजले तर लोहार ते शेवटून देतो. खाटीक दिवसभर कामाच्या मध्येच सुरा घासत असतो. त्याला न बोथटणारे पाते नको असते, चटकन पाजवता येणारे हवे असते. घरचीही गरज तीच. मात्र हाडाला सत्तूर वेगळा ठेवावा, सुऱ्याने हाड फोडले की धारेला दाते पडतात.

पहिला आक्षेप गंजाचा, आणि तो खोटा नाही. महाबळेश्वर, पाटणच्या पावसाळ्यात ओला ठेवलेला सुरा रात्रीत तांबूस होतो. जत, आटपाडी, माणच्या कोरड्या हवेत तो बराच सोसतो. उपाय एवढाच, की धुतल्याबरोबर पुसावा आणि शेंगतेलाचे बोट फिरवावे. वापराने पाते काळसर पडते, ते मात्र घासून काढू नये. तो पातळ थर गंजाला थोडा आवरच घालतो. गंजाने धनुर्वात होतो ही भीती तर चुकीच्या जागी आहे. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंज त्यांना जन्म देत नाही. लोखंडाचा असा धसका आपल्याकडे जुनाच म्हणायचा: १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर जमीन नासवतो, असेही शेतकरी म्हणत होते.

दुसरा आक्षेप भाज्यांचा. कैरी, लिंबू, वांगे, कच्चे केळे या पात्याने कापले की फोडी काळवंडतात, कधी लोखंडाची चवही लागते. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. आंबटाला स्टेनलेसच बरे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: लोहाराच्या हातचे दोन सुरे सारखे नसतात. एखाद्याला पाणी कमी बसते, एखाद्याला जास्त. म्हणून पारख करूनच घ्यावा. चुंबक लावून काही कळत नाही, कारण सुऱ्यांचे बरेचसे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. लिंबाचा थेंब ठेवा. साध्या पोलादावर काही मिनिटांत करडा डाग उठतो. धारेवर कानस हलकेच फिरवा. ती सटकली तर पाणी बसले आहे, चावली तर पाते मऊ आहे.

घेतल्यावर एक पथ्य पाळा. धार लावायला सुरा विजेच्या ग्राइंडरखाली देऊ नका. ठिणग्यांबरोबर धार तापते आणि तिच्यावर निळा डाग उमटला, की तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते. मग तो भाग घासून काढणे किंवा भट्टीवर पुन्हा पाणी देऊन घेणे, एवढेच उरते.