पाच खांब, चार जागा आणि चॅटबॉटचं उत्तर



दुसरीच्या वर्गात मी एक प्रश्न दरवर्षी विचारते. कुंपणाला एका रांगेत पाच खांब आहेत, तर दोन खांबांच्या मधल्या जागा किती? निम्मा वर्ग "पाच!" म्हणून ओरडतो. मग पाच मुलं रांगेत उभी करायची, मधल्या जागा मोजायला लावायच्या. उत्तर चार येतं. या दिवाळीत कळलं की अशीच एकाची चूक एका एआय चॅटबॉटनेही केली, आणि तीही बँकेच्या कामात.

माझा धाकटा भाऊ इथेच तिरोड्याला शिकला. आता पुण्यात एका कंपनीत परदेशी बँकेचे मेनफ्रेमवरचे जुने प्रोग्राम सांभाळतो. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या वापरतात तो मोठा संगणक. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही मालिका जाहीर केली. त्या काळच्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम कंपनीच्या नव्या यंत्रांवरही चालावेत अशी सोय पुढे ठेवली गेली, म्हणून साठ वर्षांनीही ती भाषा जिवंत आहे. तिचं नाव असेंब्लर. यात साधारणपणे एक ओळ म्हणजे यंत्राला दिलेली एक आज्ञा. (आपल्याकडेही मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० मध्ये सुरू झाला होता. मुलांना हे जरूर सांगा.)

भावाची अडचण अशी की, ज्यांना ही भाषा येत होती ते साहेब निवृत्त झाले. विचारायचं कोणाला? म्हणून त्याने चॅटबॉटला विचारलं.

आता थोडं नीट समजून घेऊ, कारण खरी गंमत इथेच आहे. 'एमव्हीसी' नावाची एक आज्ञा आहे. तिचं काम इकडची अक्षरं उचलून तिकडे ठेवणं. किती अक्षरं उचलायची तो आकडा आज्ञेतच एका बाइटमध्ये लिहिलेला असतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ हे आकडे बसतात. पण शून्य अक्षरं उचलण्यात अर्थ काय? म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवलं की ० लिहिलं तर एक अक्षर उचलायचं, ४ लिहिलं तर पाच आणि २५५ लिहिलं तर २५६. म्हणजे यंत्रातला आकडा नेहमी एकाने कमी. खांब पाच, जागा चार!

प्रोग्राम लिहिणाऱ्याने साधं 'पाच' लिहिलं तर असेंब्लर स्वतःच एक वजा करून घेतो, त्यामुळे एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण नावं लहान-मोठी असतात, लांबी आधी माहीत नसते. अशा वेळी 'ईएक्स' नावाची दुसरी आज्ञा वापरतात. ती चालत्या कामात लांबीचा आकडा एमव्हीसीला पुरवते. इथे मात्र असेंब्लर मदत करत नाही, एक वजा करायचं काम माणसाचं. चॅटबॉटने सुंदर, टापटीप प्रोग्राम लिहून दिला, प्रत्येक ओळीपुढे समजावूनही सांगितलं, पण एक वजा केलाच नाही.

"मग लगेच कळलं असेल ना?" मी विचारलं.

"नाही ना ताई, तेच तर!" तो म्हणाला. नावासाठी वीस अक्षरांची जागा होती. आठ अक्षरी नाव आलं तर नववं अक्षर म्हणजे कोरी जागा उचलली जायची आणि पुढच्या कोऱ्या जागेवरच पडायची. सगळं बरोबर दिसायचं. चूक उघडी पडणार कधी, तर नाव नेमकं वीस अक्षरांचं असेल तेव्हा. तेव्हा ती कोरी जागा एकविसाव्या स्थानी, शेजारच्या रकमेच्या पहिल्याच बाइटवर जाऊन बसते. मेनफ्रेममध्ये कोऱ्या जागेचा सांकेतिक आकडा आहे ४०, आणि रकमेच्या एका बाइटमध्ये दोन अंक मावतात. पहिल्या दोन शून्यांच्या जागी ४ आणि ० आले. १,२५० चे झाले ४०,००,०१,२५०! दोन्ही अंक वैध, त्यामुळे यंत्र अडलं नाही, तक्रारही केली नाही. नशीब की हे चाचणीतच दिसलं, खऱ्या खात्यांवर नाही.

पुढचं ऐकून तर मला माझा वर्गच आठवला. भावाने चॅटबॉटला म्हटलं, "इथे एक वजा करायला हवा होता ना?" लगेच माफी मागून त्याने दुरुस्ती केली. मग भावाने परीक्षा घ्यायची म्हणून दुसऱ्या ठिकाणची साधी एमव्हीसी दाखवली, जिथे असेंब्लर स्वतःच वजा करतो. "इथेही करायला हवा ना?" त्यावरही "हो, बरोबर आहे तुमचं!" आपण "समजलं ना?" म्हटल्यावर मुलं एका सुरात "हो बाई!" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. प्रश्नाच्या शेवटी 'ना' लावला की उत्तराची किंमत गेली. हे मी पंधरा वर्षांत मुलांकडून शिकले, चॅटबॉटच्या बाबतीत मात्र विसरले होते.

असं का होतं? चॅटबॉट वाचलेल्या मजकुरावरून पुढचे शब्द जुळवतो. घरच्या संगणकाच्या, मोबाइलच्या भाषांबद्दल इंटरनेटवर ढीगभर मजकूर आहे. बँकांचे मेनफ्रेम प्रोग्राम मात्र बँकांच्या आतच बंद असतात, त्यामुळे त्याला वाचायला थोडंच मिळालं. पण कमी वाचलंय म्हणून त्याचा आवाज कापत नाही, हेच अवघड आहे. आपल्या भागाचा अनुभव सांगते. पहिलीतल्या पोवारी बोलणाऱ्या मुलांसाठी मी त्याच्याकडून चार वाक्यं मागितली. त्याने ऐटीत दिली. मुलं खो खो हसली, "बाई, हे तर हिंदी आहे!" झाडीबोलीचीही तीच गत झाली. तिथे माझ्याकडे तपासायला वर्गभर तज्ज्ञ होते. भावाकडे कोणी नव्हतं.

नव्हतं म्हणजे, एक पुस्तक होतं. आयबीएमचं 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन'. त्यात प्रत्येक आज्ञा नेमकं काय करते ते लिहिलेलं असतं, आणि ते मोफत मिळतं. मोठं आहे, कोरडं आहे, पण ईएक्सची माहिती पानभरात आहे. भावाने चॅटबॉट सोडला नाही. कोणती आज्ञा शोधायची, तिला काय म्हणतात, एवढं तो अजून त्यालाच विचारतो, आणि ते तो चांगलं सांगतो. उत्तर मात्र पुस्तकात पाहतो. शिवाय चाचणीला आता मुद्दाम नेमक्या वीस अक्षरांचं नाव घेतो, आणि शेजारच्या रकमेत १,२५०.