जुनी पिकअप: इंजिन खोलण्याआधी

टाटा मोटर्सच्या जुन्या २०७ डीआय पिकअपमध्ये चार सिलिंडरचे २९५६ सीसी डिझेल इंजिन असते: बोअर ९७ मिमी, स्ट्रोक १०० मिमी.

● धूर: निळा म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला, तर नोझल, टायमिंग आणि हेड गॅस्केट तपासा.

● कॉम्प्रेशन: चारही सिलिंडर गेजवर मोजा. आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर दोष रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये शोधा.

● ब्लो-बाय: चालू इंजिनाच्या ऑइल कॅपमधून जोरात धूर येत असेल, तर रिंग-बोअर झिजल्याची शक्यता मोठी.

● मोजमाप: बोअरची झीज, क्रँकचे जर्नल आणि हेडची सपाटी मोजल्यावरच पार्ट आणा. क्रँक ग्राइंड केल्यास बेअरिंग त्याच अंडरसाइजचे हवे.

● जुळणी: टॉर्क रेंच वापरा. नोझल आणि पंप बेंचवर तपासून घ्या.

● कागद: दुसरे इंजिन बसवल्यास नवा इंजिन नंबर आरटीओकडून आरसीवर नोंदवून घ्या.