बोलता येईल इतकंच पळा

पहिलं किलोमीटर : लेखांक चौथा

गेले तीन आठवडे आपण फक्त चाललो. रोज अर्धा तास झपाझप चालायचं एवढंच काम होतं, आणि ज्यांनी ते नेटानं केलं त्यांच्या पोटऱ्यांना आणि घोट्यांना आता बऱ्यापैकी सवय झाली असेल. या आठवड्यापासून पळायचं. पण बुटांच्या नाड्या बांधण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करू या, कारण नव्यानं पळणाऱ्या बहुतेकांचं पळणं इथेच सुटतं. ‘मला पळणं जमत नाही’ म्हणणारा माणूस त्याचं खापर वयावर फोडतो, वजनावर फोडतो, लहानपणापासूनच दम कमी आहे असं सांगतो. त्याला प्रत्यक्ष पळताना पाहिलं की खरं कारण दिसतं. तो फार जोरात पळत असतो.

यात त्याचा दोष नाही. सावकाश पळायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. शाळेतलं पळणं म्हणजे क्रीडादिनाची शंभर मीटरची शर्यत. खो-खोतलं पळणं म्हणजे पाठलाग, नाहीतर पाठलागातून सुटका. मोठेपणी पळायचं ते सुटणाऱ्या एसटीमागे किंवा फलाटावरून हलू लागलेल्या लोकलमागे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यांवर जी मुलंमुली पळताना दिसतात, त्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, आणि वेळेनुसार गुण. त्यांच्या कष्टांबद्दल मला अतोनात आदर आहे, पण त्यांच्यासाठी पळणं ही परीक्षा आहे. या सगळ्यातून आपल्या मनात पळणं आणि जीव खाऊन पळणं एकच होऊन बसतं. मग चाळिशीतला माणूस कित्येक वर्षांनी मैदानावर उतरतो, तेव्हा शरीर त्याला ठाऊक असलेलं तेवढं एकच पळणं बाहेर काढतं. दोनशे मीटरवर छाती फुटायला येते, कुशीत कळ येते, आणि हे आपलं काम नव्हे असं ठरवून तो घरी जातो.

त्या दोनशे मीटरांत शरीरात काय घडतं? पळायला लागताक्षणी स्नायूंची ऑक्सिजनची गरज एकदम वाढते, पण हृदय आणि फुप्फुसं त्या गरजेपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं घेतात. सराव नसेल तर आणखी थोडी. तोवर स्नायू साठवणीतल्या इंधनावर आणि ऑक्सिजनविना चालणाऱ्या प्रक्रियेवर भागवतात. वेग बेताचा असला तर ही तूट लवकर भरून निघते आणि श्वास लयीत येतो. वेग जास्त असला तर ती भरतच नाही. रक्तातली आम्लता वाढते, कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदूतलं श्वासाचं केंद्र ऑक्सिजनपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त बारीक लक्ष ठेवून असतं. ते छातीचा भाता जोरजोरात चालवू लागतं. धाप म्हणतात ती हीच. ज्या वेगाला ती सुरू होते त्या सीमेला श्वसनाचा उंबरठा म्हणू या. नवख्या माणसाचा हा उंबरठा फार खाली असतो. जरा जोर केला की तो ओलांडला जातो.

आणि पळण्याचा आनंद याच उंबरठ्याशी बांधलेला आहे. पँटेलेमॉन एकेकाकिस या अमेरिकेतल्या संशोधकानं व्यायाम संपल्यावर काय वाटतं हे विचारून थांबण्याऐवजी, व्यायाम चालू असतानाच माणसाला बरं वाटतंय की वाईट, हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. उंबरठ्याच्या खाली असताना बहुतेकांना बरं वाटतं. उंबरठ्याच्या वर गेलं की जवळजवळ प्रत्येकाला वाईट वाटू लागतं, आणि वेग वाढेल तसतसं अधिकच वाईट. थांबल्यावर हायसं वाटतं ते वेगळं. शरीर हा अनुभव लक्षात ठेवतं. रोज उंबरठा ओलांडून घरी येणाऱ्या माणसाला आठवड्याभरात पहाटेचा गजर नकोसा होतो आणि तो स्वतःला आळशी ठरवतो. त्याच्या निश्चयात खोट नसते. त्यानं पळण्याची जी चव घेतली तीच कडू होती.

हा उंबरठा ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. पळता पळता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलून पाहा. ‘काल रात्री पाऊस झाला, म्हणून आज धूळ कमी आहे’ एवढं वाक्य मध्ये न अडखळता म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. एकटे असाल तर एखादं स्तोत्र, पाढे, जे तोंडपाठ असेल ते मोठ्यानं म्हणा. आणि वेग कमी करायचा म्हणजे किती? तुम्हाला वाटतो त्याहून बराच जास्त. ताशी सात किलोमीटरच्या आसपास माणसाचे पाय चालण्यातून आपोआप पळण्यात जातात. सुरुवातीचं पळणं त्याच वेगाचं, किंवा त्याहूनही संथ असलं तरी चालेल. पावलं छोटी आणि भराभर टाका. पाऊल शरीरापुढे लांब फेकू नका, ते शरीराच्या खालीच पडू द्या. मुठी आवळलेल्या असतील तर सोडा, खांदे कानांकडे चढले असतील तर उतरवा.

एखादे आजोबा झपझप चालत तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. हे लिहायला सोपं आहे आणि करायला अवघड, हे मी जाणते. आपण मैदानावर एकटे नसतो. तिथे ओळखीचे लोक असतात, कट्ट्यावरची मुलं असतात. ‘कुणी मागे लागलंय का?’ हा प्रश्न पळणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेला असतो आणि बायकांनी तर फारच वेळा. पस्तिशीची बाई पंजाबी ड्रेसवर बूट घालून रस्त्यावर पळू लागली की दहा नजरा वळतात, आणि त्या नजरांतून लवकर सुटावं म्हणून तिचा वेग नकळत वाढतो. मग धाप, मग थांबणं, मग त्याच नजरांसमोर थांबल्याची लाज. म्हणून बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिले दोन महिने एखादी मैत्रीण, जाऊ, शेजारीण, कुणीतरी सोबत घ्या. गप्पा मारत पळणाऱ्या दोघींचा वेग आपोआप योग्य राहतो, आणि भटकी कुत्री आली तर थांबून सावकाश चालत पुढे जायलाही धीर येतो.

संथ पळणं ही कमकुवत माणसांसाठी काढलेली पळवाट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आर्थर लिडियार्ड या माणसाची गोष्ट ऐकावी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा हा प्रशिक्षक मूळचा बुटांच्या कारखान्यात काम करणारा. 2 सप्टेंबर 1960 या एकाच दिवशी रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदकं मिळवली : पीटर स्नेलनं 800 मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गनं 5000 मीटरमध्ये. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या 800 मीटरच्या शर्यतीसाठी स्नेल आठवड्याला शंभर-शंभर मैल पळत असे, आणि त्यातलं बरंचसं पळणं डोंगराळ रस्त्यांवरचं लांब, दमानं केलेलं असे. जोर हवा तो शर्यत जवळ आल्यावर. पाया संथ पळण्यानंच घालायचा, हे लिडियार्डचं सूत्र होतं. पुढे त्यानं तेच सूत्र पोट सुटलेल्या मध्यमवयीन व्यावसायिकांना आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांना लावलं. ऑकलंडमध्ये दर रविवारी अशा लोकांचा मेळा पळू लागला.

1962 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. नायके कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक म्हणून आज जग त्यांना ओळखतं. वय एक्कावन्न, जगातले उत्तम धावपटू हाताखाली तयार झालेले. लिडियार्डनं त्यांना रविवारच्या पळण्याला बोलावलं आणि अर्ध्या मैलातच ते मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी मागे थांबले आणि त्यांच्याशी बोलत बोलत, जवळचा रस्ता दाखवत त्यांना परत घेऊन आले. बॉवरमन यांना बोलवत नव्हतं, म्हातारा मात्र अखंड बोलत होता. दुसऱ्यांना पळवणारा हा माणूस स्वतः संथ पळायला तिथे शिकला, मुक्काम असेपर्यंत पळत राहिला, आणि 1963 मध्ये युजीन शहरात परतल्यावर त्यानं सामान्य नागरिकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले. डॉ. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाबरोबर लिहिलेलं त्यांचं ‘जॉगिंग’ हे छोटं पुस्तक 1967 मध्ये आलं आणि अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर उतरले. मला या गोष्टीत त्या अनाम वाटणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचं मोल सगळ्यात मोठं वाटतं. मागे पडलेल्यासाठी ते थांबले.

जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाच्या हिरोआकी तानाका यांनी हाच वेग आणखी सोप्या शब्दांत सांगितला : चेहऱ्यावर हसू ठेवून पळता येईल इतकाच वेग ठेवा.

पळण्यानं मिळणाऱ्या त्या प्रसिद्ध धुंदीबद्दल आता थोडं. तिचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिनला दिलं जायचं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. अलीकडे लक्ष गेलं आहे ते शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड या द्रव्यांकडे. डेव्हिड रायक्लेन आणि सहकाऱ्यांनी माणसं, कुत्री आणि फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी, अशा तिघांना पट्ट्यावर पळवून रक्त तपासलं. लांब पल्ल्याचं पळणं ज्यांच्या रक्तात आहे त्या माणसांत आणि कुत्र्यांत ही द्रव्यं वाढली, फेरेटमध्ये वाढली नाहीत. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की ही वाढ मध्यम वेगाला होते. अगदी रेंगाळत चालल्यावर किंवा अगदी जोर लावून पळल्यावर तशी होत नाही. पण खरं सांगते, पहिल्या महिन्यात या धुंदीची वाट पाहू नका. त्याआधी लहान लहान सुखं येतात. एके दिवशी लक्षात येतं की श्वास आणि पावलं एकमेकांना धरून चालली आहेत. टेकडीवर पळत असाल तर करवंदाच्या जाळीतून उडालेला बुलबुल दिसतो, कारण आता डोळे जमिनीवर खिळलेले नसतात. ऑफिसात दुपारी जिना चढून गेल्यावर आपण दमलो नाही हे उशिरानं ध्यानात येतं. ही सुखं धापेत हरवून जातात. त्यांच्यासाठी श्वास शिल्लक लागतो.

आता या आठवड्याचं काम. जोश क्लार्क यानं 1996 मध्ये आपल्या आईसाठी एक नऊ आठवड्यांचा क्रम आखला होता. पुढे तो जगभर पसरला. त्याचाच पहिला आठवडा आपण घेऊ. आधी पाच मिनिटं झपझप चालायचं. हे चुकवू नका, पहिल्या मिनिटांतली ऑक्सिजनची तूट त्यामुळेच कमी होते. मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. शेवटी पाच मिनिटं चालत घरी. आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून. एक मिनिट संपल्यावर ‘एवढंच?’ असं वाटलं तर वेग अगदी बरोबर होता असं समजा आणि तरीही चालायला लागा. मधलं चालणं ही हार मानण्याची जागा नव्हे, तो क्रमाचाच भाग आहे.

धोका पुढे आहे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सराव सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यातच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, दम लागणं कमी होतं. हाडं आणि स्नायुबंध मात्र महिन्यांच्या हिशेबानं बळकट होतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि नव्या भाराला तोंड देताना हाड आधी थोडं झिजतं, मग नव्यानं भरतं. म्हणजे छाती म्हणते पळ, आणि नडगी अजून तयार नसते. त्या दिवसांत उत्साहाच्या भरात वेळही वाढवली आणि वेगही वाढवला, तर नडगी ठणकू लागते आणि महिनाभर घरी बसावं लागतं. वाढवायची ती फक्त वेळ, तीही क्रमानं. वेगाला पहिले तीन महिने हातच लावायचा नाही. नडगीच्या एकाच बिंदूवर बोट दाबल्यावर दुखत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांनी वेगाचा अंदाज आणखी खाली आणावा. दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही, आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागल्यानं त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. पुण्या-नाशकात डिसेंबरात जो वेग सुखाचा वाटतो, तो दादरच्या शिवाजी पार्कवर मे महिन्यात धाप आणेल. विदर्भात उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी घरी परतलेलं बरं. उन्हाळ्याला शरीर साधारण दोन आठवड्यांत सरावतं. तोवर चालण्याचा वाटा वाढवा.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा जुना त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आठवडा सुरू करू नये. पळताना छातीत दुखलं, दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून मदत मागावी. उद्या बघू म्हणू नये.

पुढच्या आठवड्यात गुडघ्यांबद्दल. पळून गुडघे झिजतात का, हा घराघरांत विचारला जाणारा प्रश्न सविस्तर पाहू, आणि दीड मिनिटाच्या पळण्याकडे जाऊ.