उतारवयातील मेंदूचा सराव आणि रोजचा व्यवहार

वय वाढत जाते तसे मेंदूचे सगळे व्यापार सारख्याच गतीने उतरणीला लागत नाहीत. शब्दसंग्रह, जगाविषयीची सामान्य माहिती आणि अनुभवातून आलेली समज या गोष्टी सत्तरीपर्यंत, पुष्कळांच्या बाबतीत त्यानंतरही, शाबूत राहतात. मात्र समोर आलेली नवी माहिती चटकन ग्रहण करण्याचा वेग, एकाच वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याची क्षमता आणि अनोळखी गोष्टीतला नियम हुडकून काढण्याची तर्कशक्ती यांची घसरण कितीतरी आधी, मध्यम वयातच, सुरू झालेली असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी साल्टहाउस यांनी १९९६ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार यांपैकी वेगाचे मंदावणे हे इतर अनेक तक्रारींच्या मुळाशी असते, कारण विचाराची पुढची पायरी गाठायला वेळ लागला की तोवर आधीची पायरी मनातून निसटते, आणि ज्याला घरचे लोक विसराळूपणा म्हणतात त्याचा बराचसा भाग अशा मंदावण्यातूनच आलेला असतो.

घरच्यांना ही घसरण दिसते ती रोजच्या व्यवहारात. वृद्धत्वाचा अभ्यास करणारे संशोधक या व्यवहाराचे दोन थर मानतात. अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, उठणे-बसणे ही शरीराची मूलभूत कामे पहिल्या थरात येतात, तर माणसाला दुसऱ्याच्या आधाराशिवाय घर चालवता येण्यासाठी जी कामे जमावी लागतात ती दुसऱ्या थरात येतात. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रोडी यांनी १९६९ साली तयार केलेल्या आणि आजही जगभर वापरात असलेल्या मोजपट्टीत या दुसऱ्या थरातली आठ कामे आहेत: फोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळच्या वेळी घेणे आणि पैशांचा व्यवहार सांभाळणे. रक्तदाबाची सकाळची गोळी चुकून दोनदा घेतली जाऊ लागली किंवा बँकेच्या पासबुकातल्या नोंदींचा मेळ लागेनासा झाला, म्हणजे हा दुसरा थर ढासळू लागल्याचे समजते, आणि ज्येष्ठ व्यक्तीचे स्वातंत्र्य बहुधा याच टप्प्यावर तिच्या हातून जाऊ लागते. म्हणून संगणकावरच्या सरावाने मेंदू ‘तल्लख’ होतो की नाही, या मोघम प्रश्नापेक्षा त्या सरावाने ही आठ कामे अधिक काळ जमत राहतात का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचा आजवरचा सर्वांत दीर्घ शोध अमेरिकेत घेतला गेला. ‘ॲक्टिव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासात बर्मिंगहॅम, बॉस्टन, इंडियानापोलिस, बाल्टिमोर, डेट्रॉइट आणि पेनसिल्व्हेनिया या सहा ठिकाणच्या, ६५ ते ९४ वर्षे वयाच्या सुमारे २,८०० निरोगी व्यक्तींना १९९८ आणि १९९९ या वर्षांत सामील करून घेण्यात आले. सोडत पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही पसंतीला वाव न ठेवता, त्यांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काचा सराव आणि तिसऱ्याला ग्रहणवेगाचा सराव देण्यात आला. चौथ्याला काहीच देण्यात आले नाही, कारण तुलनेसाठी असा नियंत्रण गट नसेल तर झालेली सुधारणा सरावाची की निव्वळ चाचणीची सवय झाल्याची, हे सांगता येत नाही. प्रशिक्षण पाच ते सहा आठवड्यांत दहा सत्रांचे, दर सत्र साधारण तासाभराचे होते, आणि त्यातल्या काहींना पुढे अकराव्या व पस्तिसाव्या महिन्यात चार-चार उजळणी सत्रे मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे की, या तिन्हींपैकी संगणकावर चालणारा सराव फक्त वेगाचा होता. स्मरण आणि तर्क यांचे वर्ग प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कागद-पेन्सिलीवर चालत.

वेगाचा हा सराव जवळून पाहिला तर त्याचे वेगळेपण कळते. कार्लीन बॉल आणि डॅनियल रोएंकर या संशोधकांनी विकसित केलेल्या या पद्धतीत पडद्याच्या मध्यभागी एका चौकटीत मोटार किंवा ट्रक यांपैकी एक चित्र क्षणभर झळकते, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्याच्या कडेला कोठेतरी दुसरी मोटार उमटून नाहीशी होते. लगेच सगळा पडदा ठिपक्यांनी झाकला जातो, जेणेकरून डोळ्यांत उरलेल्या प्रतिमेचा आधार घेता येऊ नये, आणि मग दोन प्रश्न येतात: मध्ये काय दिसले, आणि कडेची मोटार कोणत्या दिशेला होती? उत्तरे बरोबर येऊ लागली की चित्र दिसण्याचा काळ कमी होतो, अर्ध्या सेकंदापासून उतरत उतरत तो सहस्रांश सेकंदांत मोजण्याइतका तुटपुंजा होतो. तेही जमू लागले की कडेच्या मोटारीभोवती लक्ष विचलित करणाऱ्या त्रिकोणांची गर्दी केली जाते. उत्तरे चुकू लागली तर संगणक वेळ पुन्हा वाढवतो. अशा रीतीने प्रत्येक व्यक्ती सतत स्वतःच्या क्षमतेच्या सीमेवर काम करत राहते, ना कंटाळा येण्याइतके सोपे, ना हार मानण्याइतके अवघड. काठिण्याची पातळी उत्तरागणिक बदलत राहण्याचा हा गुणच या प्रकारच्या सरावाला संगणकाने दिलेली सर्वांत मोलाची देणगी आहे, आणि माणसाने कितीही आस्थेने शिकवले तरी तीस जणांच्या वर्गात प्रत्येकासाठी तो साधणे शक्य नसते.

पहिले निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा प्रशिक्षणानंतर लगेच वेगाच्या गटातील ८७ टक्के, तर्काच्या गटातील ७४ टक्के आणि स्मरणाच्या गटातील केवळ २६ टक्के व्यक्तींमध्ये शिकवलेल्या क्षमतेत खात्रीलायक सुधारणा दिसली. ज्या स्मरणशक्तीची चिंता ज्येष्ठांना सर्वाधिक छळते तीच प्रशिक्षणाला सर्वांत कमी दाद देते, हे या आकड्यांतून उघड झाले. यादीतल्या वस्तूंचे गट पाडणे, त्यांची मनात चित्रे उभी करणे अशा युक्त्या शिकून कळल्या तरी ऐनवेळी त्या वापरण्याचे भान ठेवावे लागते, आणि तेच तर उतारवयात अवघड जाते. वेगाच्या सरावात मात्र कोणतीही युक्ती आठवावी लागत नाही, पोहण्याच्या सवयीप्रमाणे ते कौशल्य नकळत अंगवळणी पडते.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र पहिली दोन वर्षे निराशेची गेली. गटांमध्ये काही फरक दिसेना, आणि त्याचे कारणही कळण्याजोगे होते, कारण मुळात धडधाकट असलेल्या नियंत्रण गटाचा व्यवहारही अजून ढासळलेला नव्हता. पाच वर्षांनंतरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर्काचा सराव मिळालेल्या व्यक्तींनी रोजच्या कामांत कमी अडचणी येत असल्याचे सांगितले. दहा वर्षांनंतरच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिन्ही प्रशिक्षित गटांतील सुमारे ६० टक्के व्यक्तींचा व्यवहार सुरुवातीच्याच पातळीवर किंवा त्याहून वर राहिल्याचे आढळले, तर नियंत्रण गटात हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. हा फरक लहान आहे. शिवाय तो त्या व्यक्तींनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेला आहे आणि प्रत्यक्ष कामे करून दाखवण्याच्या चाचण्यांत तो तितकासा उतरला नाही. तरीही ऐन सत्तरीतल्या दहा-बारा तासांच्या शिकवणीची खूण ऐंशीच्या घरात शिल्लक राहावी, ही साधी गोष्ट नव्हे. मोटार चालवण्याच्या बाबतीत पुरावा अधिक ठोस मिळाला: सुमारे सहा वर्षांच्या सरकारी नोंदी तपासल्या असता वेगाचा किंवा तर्काचा सराव घेतलेल्या चालकांच्या हातून, त्यांचीच चूक असलेल्या अपघातांचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले. स्मरणाच्या गटात असा लाभ दिसला नाही.

याच अभ्यासातून पुढे स्मृतिभ्रंशाविषयीचे निष्कर्ष आले. स्मृतिभ्रंश म्हणजे स्मरण, विचार आणि वर्तन यांची घसरण इतकी वाढणे की रोजच्या व्यवहारातच अडथळा यावा. पाच वर्षांनंतरच्या तपासणीत या बाबतीत गटांत काहीच फरक नव्हता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या विश्लेषणात वेगाच्या गटातील धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला, परंतु तेथे स्मृतिभ्रंश ठरवण्याचे निकष चाचण्या आणि नातेवाइकांच्या माहितीवर बेतलेले असल्यामुळे टीका झाली. त्यानंतर ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींच्या आधारे वीस वर्षांचा मागोवा घेण्यात आला आणि त्यात वेगाचा सराव व त्यानंतरची उजळणी अशा दोन्ही गोष्टी मिळालेल्यांमध्ये हे निदान सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. उजळणी न मिळालेल्यांना असा लाभ झाला नाही.

असे असताना या सरावाविषयी वैज्ञानिकांत एवढा वाद का, हे समजून घेण्यासाठी ‘संक्रमण’ ही संकल्पना लक्षात घ्यावी लागते. एका कामात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या कामात उपयोगी पडणे म्हणजे संक्रमण, आणि ते फक्त दोन्ही कामांत समान घटक असतील तेवढ्यापुरतेच होते, असे एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ सालीच दाखवले होते. ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन यांनी बीबीसीच्या सहकार्याने १८ ते ६० वयाच्या ११,४३० व्यक्तींवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा आठवड्यांच्या सरावाने खेळांतले गुण वाढले, पण इतर चाचण्यांत काही लाभ झाला नाही. दुसरीकडे लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या ६,७४२ व्यक्तींना सहा महिने घरबसल्या इंटरनेटवर सराव दिला, तेव्हा साठीपुढच्या गटात दैनंदिन व्यवहारात थोडी पण मोजता येण्याजोगी सुधारणा २०१५ साली नोंदवली गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुमारे सत्तर वैज्ञानिकांनी मेंदूच्या खेळांच्या उद्योगाचे दावे अवाजवी असल्याचे निवेदन काढले आणि दोन महिन्यांत शंभरहून अधिक वैज्ञानिकांनी त्याला उत्तर दिले. दावे अवाजवी होते यात शंका नाही: २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘लुमॉसिटी’ या लोकप्रिय खेळांच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. तथापि एका कंपनीच्या जाहिराती खोट्या ठरल्या म्हणून वेगाच्या सरावावरचा वीस वर्षांचा पुरावा खोटा ठरत नाही, आणि त्या पुराव्याच्या जोरावर मोबाइलवरच्या कोणत्याही रंगीबेरंगी खेळाला प्रतिष्ठाही मिळत नाही.

महाराष्ट्रातील अनेक घरांत ज्येष्ठांच्या मेंदूचा व्यायाम म्हणजे वर्तमानपत्रातले शब्दकोडे असे समीकरण आहे. कोडे प्रामुख्याने शब्दसंग्रहावर, म्हणजे वयानुसार सहसा न घटणाऱ्या भांडवलावर, चालते. त्यामुळे त्यातून ग्रहणवेग वाढण्याची अपेक्षा धरता येत नाही. पण त्याला कमी लेखणेही बरोबर नाही. स्मरणाची सौम्य घसरण सुरू झालेल्या १०७ व्यक्तींवर अमेरिकेत ७८ आठवडे चाललेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकावर शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती मेंदूचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा आकलन आणि दैनंदिन व्यवहार या दोन्ही बाबतींत चांगली राहिली. निरोगी माणसाला जो सराव मानवतो तोच घसरण सुरू झालेल्याला मानवेल असे नाही, हे यावरून दिसते, आणि सरसकट सल्ला देणाऱ्यांनी ते विचारात घ्यायला हवे.

भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीतून पुढे आला आहे आणि हे प्रमाण स्त्रियांमध्ये, खेड्यांमध्ये व शालेय शिक्षण न मिळालेल्यांमध्ये अधिक आहे. ‘ॲक्टिव्ह’मधील व्यक्तींचे शिक्षण सरासरी तेरा वर्षांहून अधिक होते, त्यामुळे तेथले आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही असा सराव ज्येष्ठांना ‘देता येईल’ एवढेच म्हटले आहे आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे त्यासोबत नमूद केले आहे. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली १,२६० व्यक्तींवर झालेल्या ‘फिंगर’ या अभ्यासात संगणकावरचा सराव आहार, व्यायाम आणि रक्तदाब-मधुमेहाची देखरेख यांच्या जोडीने दिला गेला होता, आणि २०१५ साली जाहीर झालेला त्याचा लाभ या सर्वांचा मिळून होता.

त्यातच मेंदूच्या आधी डोळे आणि कान येतात. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या ज्या चौदा कारणांची नोंद केली त्यांत उपचार न झालेला दृष्टिदोष आणि कमी ऐकू येणे ही दोन्ही कारणे आहेत, आणि ‘ॲक्टिव्ह’मध्येही ज्यांची नजर फारच अधू होती त्यांना सुरुवातीलाच वगळण्यात आले होते. पडद्याच्या कडेला क्षणभर उमटणारी मोटार टिपायची असेल तर आधी ती दिसायला हवी. म्हणून आईवडिलांसाठी एखाद्या सरावाच्या ॲपची वर्गणी भरण्यापूर्वी त्यांचा मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर आणि ऐकण्याची क्षमता तपासून घेणे हे खर्चाच्या आणि उपयुक्ततेच्या अशा दोन्ही दृष्टींनी आधी करण्याचे काम आहे.